हॅरल्डचा ओळंबा

हॅरल्ड कोणत्याही नव्या इमारतीत शिरण्यापूर्वी खिशातून ओळंबा काढून तिच्या कोपऱ्याशी धरीत असे. दोरीला लोंबणारे ते पितळी वजन स्थिर होईपर्यंत तो यजमानाशीही बोलत नसे. टेक्सासच्या अर्विंगमधील आमच्या बुद्धविहाराच्या स्मरणिकेत त्याचा उल्लेख ‘विख्यात ब्रिटिश आर्किटेक्ट’ असा आहे. हा उल्लेख अपुरा आहे, आणि म्हणूनच मला अमान्य आहे.

उत्तर इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात तो पंधराव्या वर्षी विटा रचू लागला. टेक्सासला आला तोही गवंडी म्हणूनच. मी त्याच कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. दिवसभराचे काम आटोपून तो माझ्याकडे गणित शिकायला येई. आर्किटेक्टची परीक्षा तो पन्नाशी उलटल्यावर, तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. मालकाने त्याला वर आणले असे जे सांगतात, त्यांनी त्याची नापास झाल्याची दोन पत्रे पाहिलेली नाहीत. मी पाहिली आहेत.

‘ओळंबा’ हा शब्द त्याला मीच शिकवला. पुढे कोणी फुशारकी मारू लागले की तो शांतपणे म्हणे, “ओळंबा लाव.”

त्यानेच आराखडा केलेल्या विहाराची दर्शनी भिंत बोटभर कललेली निघाली, तेव्हा उद्घाटन तोंडावर असूनही त्याने ती उतरवली आणि सत्तरीत स्वतः थापी हाती घेतली. मीही मदतीला उभा राहिलो. थापी फिरवणाऱ्या माझ्या मनगटाकडे पाहत त्याने विचारले, “हे कॉलेजात नाही शिकलास. वडील काय करायचे?”

“कॉन्ट्रॅक्टर होते.” चाळीस वर्षे मी हेच सांगत आलो होतो.

“ओळंबा लाव.”

“गवंडी होते. नागपूरला.”

त्याने सिमेंटने माखलेला हात पुढे केला. “मग इतकी वर्षं मला एकट्यालाच गवंडी का राहू दिलंस?”

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या नावाची पाटी लावायचे ठरले, तेव्हा समितीचा अध्यक्ष संदीप मला समजावू लागला, “काका, ‘गवंडी’ म्हणजे त्यांना डाउनग्रेड केल्यासारखं वाटतं हो. नुसतं आर्किटेक्ट ठेवू या.” सारी समिती त्याच्या बाजूने होती. तीन बैठका मी एकटा भांडलो. चौथ्या बैठकीत मी माझ्या वडिलांचा खरा व्यवसाय सांगितला. संदीपने लॅपटॉप पुढे ओढला. “सांगा काका, टाइप करतो.”

‘हॅरल्ड, गवंडी व आर्किटेक्ट.’ पाटी बसवताना त्याच्या मुलीने दिलेला त्याचाच ओळंबा मी धरला होता. पाटी तिरकी आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने येऊन तपासावे. ओळंबा माझ्या खिशात असतो.