डिस्कची बाहेरची कड

"भाऊ, हे तुमचं लिनक्स काढा अन् पहिलेचं विंडोज टाकून द्या," रऊफभाई म्हणाला. मी अजून खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

अमरावतीहून अकोटपर्यंत एसटीनं येतानाच माझा भुगा झाला होता, त्यात हे स्वागत. रऊफभाईचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. त्याच्या कॉम्प्युटरला बारा महिने व्हायरस, म्हणून मीच त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं होतं. आता गिऱ्हाइकं डीव्हीडी परत आणत होती. सुरुवात झकास चालते, शेवटी अडकते. आणि बर्निंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे डिस्कवर फिल्म उतरवणारा प्रोग्राम, दर वेळी खुशाल 'सक्सेस' म्हणून मोकळा होतो.

काउंटरजवळ स्टुलावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली डिस्क. मी म्हटलं, ही पण तक्रार घेऊन आलेली असणार.

कामाला लागलो. प्रोग्राम आपण काय काय केलं ते स्वतःच नोंदवून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. लॉगमध्ये सगळं आलबेल. मग एक कोरी डिस्क बर्न केली आणि लगेच परत वाचायला लावली. ड्राइव्ह बराच वेळ शहाण्यासारखा चालला. शेवटी शेवटी कर्र कर्र करायला लागला आणि स्क्रीनवर आलं, 'इनपुट आउटपुट एरर'. म्हणजे ड्राइव्हनं हात वर केले, मला हे वाचता येत नाही. दुसऱ्या कंपनीची डिस्क घेतली. तेच. मग बॅगेतला माझा ड्राइव्ह जोडून त्यावर तशीच कोरी डिस्क बर्न केली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाचली गेली.

"आता बोला," मी म्हटलं. "लिनक्स तेच, डिस्क त्याच कंपनीची. तुमचा ड्राइव्ह गेला."

तो उघडला तर लेन्सवर रुईची लव बसलेली. समोर जिनिंग होती, कापसातली सरकी काढायची गिरणी. अकोटच्या जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या, त्यातली ही अजून धुगधुगी धरून होती. लग्नामागून लग्न बर्न करून डिस्कवर लिहिणारा लेझर आधीच थकलेला, त्यात ही लव.

पण डिस्क शेवटीच का अडकायची? डीव्हीडी मध्यापासून बाहेरच्या बाजूला लिहिली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट बाहेरच्या कडेला. कडेकडे जाताना ड्राइव्ह स्पीड वाढवतो. लेझर कमजोर असला की तिथं कच्चं लिहिलं जातं. हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगत सगळं आत, धडधाकट. कडेला येते ती पाठवणी.

"व्हेरिफायची टिक कोणी काढली?" मी विचारलं. व्हेरिफाय म्हणजे लिहून झाल्यावर प्रोग्राम स्वतःच डिस्क परत वाचून बघतो. मी ती टिक लावून दिली होती.

"मी काढली," रऊफभाई म्हणाला. "काय करू? दिवसभर लाईन नाई राहत. इन्व्हर्टरवर एक डिस्क निघते मुश्किलीनं. ते तुमचं व्हेरिफाय अजून तेवढाच टाइम खाते. मंग गिऱ्हाइकाले देऊ काय, कद्दू?"

लोडशेडिंग मी थोडंच बंद करणार होतो!

तेव्हा ती बाई उठली. "भाऊ, माझी डिस्क पाहता का?"

अर्चना नाव. माहेर अकोटचं, सासर अकोल्याचं. लग्नाची डिस्क माहेरी लावली होती तेव्हा शेवटी अडकली. बाबा म्हणाले, प्लेयर जुना झाला, नवीन आणू मग पाहू. ते दुसऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. ती जिनिंग बंद पडली आणि प्लेयर राहून गेला. मग बाबाच गेले.

"हार्ट अटॅकनं गेले," ती लगेच म्हणाली. मी विचारलं नव्हतं. गावोगाव आत्महत्या होत होत्या त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कोणी गेलं की माणसं आवाज खाली घेऊन 'कशानं?' असं विचारायची, म्हणून घरचे आधीच सांगून टाकायचे.

"पाठवणीच्या वक्ताले बाबा माझ्या कानात काईतरी बोलले. मी रडून राहिली होती, अन् बँडचा आवाज. मले समजलंच नाई. त्याइले मंग विचारलं तर हसले, म्हणे, डिस्कमध्ये ऐक. तेवढं ऐकाचं आहे मले."

मी रऊफभाईकडे पाहिलं. "मूळ टेप?"

त्यानं मान खाली घातली. "तिच्यावर मंग अचलपूरचं लग्न घेतलं. धंदा कुठं राहिला, भाऊ? नव्या टेपा परवडत नाई." हार्ड डिस्कवरही तिच्या लग्नावर कितीतरी लग्नं चढली होती. म्हणजे जे काही होतं ते त्या ब्लाउजपीसमध्येच होतं.

डिस्क घेऊन मी अमरावतीला आलो. लिनक्सवर यासाठी एक प्रोग्राम आहे. वाचता येतं तेवढं तो आधी उचलतो, अडलं तिथं हटून बसत नाही, सोडून पुढे जातो. मग सुटलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते कधी दुसऱ्याला येतं. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होते नव्हते तेवढे ड्राइव्ह मी जोडून पाहिले. एका जुनाट, खडखडणाऱ्या ड्राइव्हनं कडेचे काही तुकडे काढले. पुढं कोणीच सरकेना. शेवटी तिला फोन केला.

ती अकोल्याहून एकटीच आली. मी तिला स्टूल दिलं आणि फिल्म थेट शेवटाला नेली. मांडवाचं दार, फुलांची गाडी, बायकांची गर्दी. तिचे बाबा अजून फ्रेममध्ये आले नव्हते, फक्त त्यांचा आवाज आला. बँडवरून चढवलेला, चिडका.

"ए भाऊ, लाईट खाली कर ना बे! पोरीच्या डोळ्यात जाऊन राह्यला!"

अर्चनानं तोंडावर पदर धरला.

मग फेट्याचं टोक दिसलं. बाबा शालूतल्या अर्चनाकडे वाकले, तोंड तिच्या कानाशी नेलं. आणि चित्राचे चौकोन झाले. आवाज नुसता खरखरला. चित्र परत जुळलं तेव्हा गाडी वळणावर होती.

"परत लावा."

लावलं. पुन्हा लावलं. तिनं स्पीकरला कान टेकवला.

"काई नाई ना?"

"नाही, ताई. तिथं नीट लिहिलंच गेलं नाही."

"म्हंजे त्याइनं सांगतलं, ते मी ऐकलं नाई. अन् याच्यातही नाई." ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी उगाच वायरी गुंडाळत बसलो.

उठून तिनं डोळे पुसले, कॉपी मागितली. "लाईटवाल्या बोलण्यासकट द्या. माझीच काळजी करून राहिले ना ते?" मी सगळ्यात कमी स्पीडवर डिस्क लावली. बर्न संपलं, ट्रे काही बाहेर आला नाही.

"झालं नाई अजून?" तिनं विचारलं.

"झालं. बरोबर उतरलं का ते पाहून राहिलो."

घड्याळाकडे माझीच नजर गेली. अकोल्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. तुम्ही कधी डिस्क बर्न केली तर व्हेरिफायची टिक काढू नका, एवढंच या सगळ्यातून सांगण्यासारखं. लिहायला लागतो तेवढाच वेळ त्यालाही लागतो.

"गाडी जाईल, ताई."

"जाऊ द्या," अर्चना म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर बसली. "तुमी नीट पहा."