मोठे डॉक्टर दाराबाहेर

हसणार नसाल तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि गप घरी जा!

रविवारी सासरे अर्नाळ्याहून आमच्याकडे माणिकपूरला जेवायला आले आणि माशाचा काटा त्यांच्या घशात अडकला. अहो, जन्म मासळीत गेला त्यांचा! पण अडकायचा तो माझ्याच घरी! बोलता येईना, थुंकी गिळता येईना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. रिक्षात घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. बायको केसपेपर काढायला काउंटरवर गेली, म्हणजे मला आवरायला कोणीच नाही.

तिथली तरुण डॉक्टर चिमटा घेऊन आली. "आ करा बाबा, लगेच निघेल."

झालं! माझ्या अंगात सोसायटीचा सेक्रेटरी संचारला. आदल्याच दिवशी ग्रुपवर वाचलं होतं ना! "थांबा! सरकारी नियम आहे. मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हात लावायचा नाही."

"अहो, नुसता काटा आहे."

"नियम म्हणजे नियम!"

बिचारीने कपाळाला हात लावला. फोन केला, "सर जवळच आहेत, येतायत," म्हणाली आणि पडद्याआड दुसऱ्या पेशंटकडे गेली.

तेवढ्यात हाफ पँट, पायात स्लिपर, हातात कोळंबीची ठिबकणारी पिशवी, असा एक माणूस सरळ आत घुसायला लागला. मी दारात आडवा!

"कुठे चाललात? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं!"

"मी डॉक्टर आहे."

"हो का? मग मी आरोग्यमंत्री! ओळखपत्र दाखवा."

त्याने खिसे चाचपले. निघाले फक्त मोबाइल आणि स्कूटरची किल्ली.

इकडे सासरे कॉटवर उठून बसले. त्या माणसाला नमस्कार काय, मला मूठ काय, दोन्ही हात नुसते हवेत! मी ओरडलो, "अहो, बाबांना फिट येतेय! कुठे राहिले तुमचे मोठे डॉक्टर?"

तरुण डॉक्टर पडद्याआडून धावत आली, घाईघाईत फोन लावला. हाफ पँटच्या खिशात रिंग वाजली.

"सर, कुठे आहात?"

"दारात. हे साहेब आत सोडत नाहीयेत."

सांगा, कुठे तोंड लपवायचं माणसानं? वर कळलं काय, तर डॉक्टर अर्नाळ्याचेच, सासऱ्यांच्या शेजारचे! आणि ते नुसते बाजूला उभे राहिले हो. काटा त्याच पोरीने, त्याच चिमट्याने, चुटकीसरशी काढला.

"बाबा, काहीतरी बोला बघू," डॉक्टर म्हणाले. "आवाज नीट येतोय का?"

सासऱ्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे बोट केलं. आवाज एकदम खणखणीत.

"आता ह्याला पन काढा!"