आधी कुकर, मग मालजामावशी

मालजामावशी आमच्या कोशीवॉनमध्ये, म्हणजे भाड्याच्या चिमुकल्या खोल्यांच्या वसतिगृहात, सतरा नंबरच्या खोलीत राहायच्या. खोली म्हणजे काय, पाय पसरले की डोकं दाराला लागायचं. खिडकी नाही. सोलमध्ये स्वस्तात राहायचं तर असंच राहावं लागतं, आणि त्या कोशीवॉनचा व्यवस्थापक मीच असल्यामुळे याहून वाईट मी बोलणार नाही. भात आणि किमची फुकट असते, एवढं नक्की सांगतो.

सकाळी मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात राबायच्या आणि दुपारनंतर घरं बघत हिंडायच्या. हुआमदोंगच्या टेकडीवरची एकही गच्ची त्यांनी बघायची सोडली नव्हती. "डोळे बांधून मला कुठल्याही गच्चीवर सोड, घर कुणाचं ते सांगते," असं छाती ठोकून म्हणायच्या. इथल्या सगळ्या गच्च्यांना एकच हिरवा रंग फासलेला असतो, तरीही.

त्यांना महाल नको होता, ऊन हवं होतं. तेही स्वतःसाठी नाही, एका बाटलीसाठी. सासूने मरताना त्यांच्या हाती सोया सॉसचं विरजण दिलं होतं, तीन पिढ्यांचं. खोलीत रांजण मावेना म्हणून ते आमच्या सामायिक फ्रिजमध्ये कोलाच्या बाटलीत येऊन पडलं. बाटलीवर मावशींनी चिठ्ठी डकवली होती : 'हे कोला नाही. पिणाऱ्याचं वाटोळं होईल.' तरी एकाने प्यायलंच, आणि तो दिवसभर मावशींच्या नव्हे, माझ्या नावाने बोटं मोडत होता.

पण हल्ली मावशी बाटली उघडून हुंगायच्या आणि त्यांचं तोंड उतरायचं. "मरतंय रे हे. रांजण नाही, ऊन नाही. हा उन्हाळा गेला की संपलं."

आणि मग टेकडीवरच्या एका घरमालकीणबाईंच्या, बान आजींच्या, गच्चीवरची खोली मिळाली. जिने असे उभे की भाडेकरू मधूनच परत फिरायचे, म्हणून भाडं कमी. पण म्हातारी पंचांगाची पक्की. भुतं ज्या दिवशी आकाशात सुट्टीवर जातात, त्याच दिवशी तिच्या घरात माणूस शिरणार. त्या दिवशी अख्खं सोल घर बदलतं आणि ट्रकवाले दुप्पट मागतात. मावशींना ते कुठून परवडायला?

"मग कुकर पाठव," आजी म्हणाल्या. "सामान ये घेऊन पुढच्या मंगळवारी. दार उघडं ठेवते. पण भुतांची सुट्टी उद्या आहे, उद्या दिवस मावळायच्या आत खोलीत भाताचा कुकर दिसला पाहिजे. नाहीतर परवा ते जोडपं येतंय, तुझ्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहेत."

कुकर आधी गेला की माणूस गेल्यासारखंच, हे इथे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि कुकर रिकामा न्यायचा नसतो. मावशींनी त्यात तांदूळ धुऊन घातले, मोजून पाणी घातलं, वर चेस्टनट पेरले. नुसतं बटण दाबायचं बाकी ठेवलं. मी म्हटलं, "मी नेतो उचलून." तर माझ्यावरच डाफरल्या, "माझं नशीब तू कशाला उचलतोस?" आणि शाळा सुटल्यावर तो लाल कुकर पोटाशी धरून वरच्या गल्लीने एकट्याच गेल्या.

थोड्या वेळाने त्यांचा फोन. धाप लागलेली, पण आवाज सोळा वर्षांच्या पोरीचा.

"अरे, म्हातारीने माझ्यासाठी रांजण मांडून ठेवलेत! ओळीने! मोठे, पोटवाले!"

"बान आजींनी? फुकट?"

"तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही!"

बान आजी पावसाचं पाणीसुद्धा कुणाला फुकट देणार नाहीत, पण आनंदात मिठाचा खडा कशाला टाका?

संध्याकाळी किल्ली आणायला आम्ही दोघं गेलो. मावशींनी बाटली शालीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखी काखेत घेतली होती. बान आजी दारातच उभ्या.

"कुकर कुठाय?"

"वर! दुपारीच ठेवला!"

"वर झुरळसुद्धा नाही. बघ जा."

वर गेलो. खोली रिकामी. गच्ची रिकामी. रांजण तर सोडाच, साधी कुंडी नाही. मावशी पुन्हा खोलीत डोकावून आल्या. सूर्य समोरच्या इमारतींना टेकला होता आणि मला पहिल्यांदाच खरोखर भीती वाटली. तेवढ्यात वाऱ्यावर चेस्टनटच्या भाताचा वास आला.

बोळापलीकडच्या तशाच हिरव्या गच्चीवर, लाकडी बाजेवर एक गृहस्थ मांडी ठोकून जेवत होते. समोर लाल कुकर. मागे ओळीने रांजण.

मावशी कठड्याशी धावल्या. "अहो! माझं घर खाताय तुम्ही!"

गृहस्थ दचकले. हे थाक बोंग्सू, निवृत्त बसचालक, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. "घर माझंच आहे," ते तोंडातला घास सावरत म्हणाले. "भात तुमचा असेल. मला वाटलं लेकीने ठेवला. पिन लावली तर कुकरच बोलून बटण दाबायला सांगत होता, दाबलं."

बान आजी धापा टाकत वर पोचल्या आणि बघताक्षणी निकाल दिला. "संपलं. कुकर तिकडे शिरला, तुझं नशीबही तिकडे शिरलं. आता मी तुला घेतलं तर अरिष्ट माझ्या घरावर येईल."

"आजी, असं काय करता!"

"आणि थाक, तू तिचा पहिला भात खाल्लास! आता हाकललंस तिला तर बघ काय होतं ते!"

थाकसाहेबांचा चमचा हवेतच राहिला. तीस वर्षं सोलमध्ये बस चालवलेला माणूस, पण चेहरा पांढराफटक.

आम्ही बान आजींचे जिने उतरलो, थाकसाहेबांचे चढलो. त्यांच्याही गच्चीवर एक खोली होती, रिकामी, वर्षानुवर्षं कुणी न राहिलेली. मावशी खोलीकडे फिरकल्याच नाहीत. सरळ रांजणांपाशी गेल्या, एकाचं झाकण उचलून आत डोकं घातलं.

"बायकोचे," थाकसाहेब हळूच म्हणाले. "रिकामे बघवत नाहीत, फेकवतही नाहीत."

"भाडं किती घ्याल?" रांजणातून आवाज आला.

"माझ्यापेक्षा जास्त घे!" पलीकडून बान आजी ओरडल्या. "तुझे जिने सोपे आहेत!"

थाकसाहेबांनी कुकरात वाकून पाहिलं. तळाला चार शितं उरली होती. "पुढच्या महिन्यापासून ठरवू," ते ओशाळून म्हणाले. "या महिन्याचं मी खाऊन बसलोय."

मावशी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. माझेही डोळे भरले, उगाच का लपवू? मग त्यांनी नाक पुसलं, सर्वांत लहान रांजण पदराने पुसतात तसा शालीने आतून पुसला आणि तीन पिढ्यांचं विरजण थेंबही न सांडता त्यात ओतलं. उरलंसुरलं ऊन रांजणाच्या तोंडापर्यंत येत होतं.

रिकामी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"घे. आता यात खुशाल कोला भर."