जिनातला मुखवटा

परवा मेहकरच्या जिनात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही...

कापसाचा हंगाम संपला की सरकी काढायचं हे जिन रिकामं पडतं. तिथेच गोविंदरावांच्या नाटकाच्या तालमी चालल्या आहेत. गोविंदराव कापड रंगवायला शिकायला जपानला गेले, तिथून विलायतेला... आणि परतले ते नाटकाचे डायरेक्टर होऊन!

नाटक विलायती धाटणीचं. एकच खोली, टेबल-खुर्च्या, साधं बोलणं. पण मेलेली बायको त्या खोलीत येते ती जपानी चालीनं... लाकडी मुखवटा लावून, एक शब्द न बोलता. ती बायको म्हणजे मी. एरवी शाळेत गणित शिकवतो.

गोविंदराव म्हणाले होते, "मास्तर, हनुवटी वर केली की ती हसते, खाली घातली की रडते. बाकी काही करू नका." आरशात पाहिलं, खरंच तसं होतं.

परवा भर दुपारी लुगडं नेसून पहिली रंगीत तालीम. मुखवट्याच्या भोकांतून धड काही दिसत नाही. मी दारातून हळूहळू आत सरकलो... समोर कुणीतरी उभं होतं. एकदम घागर फुटल्याचा आवाज आला.

"काऊन आली वं?"

आवाज पाणी घेऊन आलेल्या चौकीदार महादूबाबाचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी कॉलऱ्यानं गेली.

"मी साखरखेर्ड्याच्या बाजारात व्हतो... मले सांगावा उशिरा भेटला. तू वाट पाहून राह्यली होती ना? रागावली काय माह्यावर?"

मुखवटा काढायला हवा होता. पण शरमेनं मी मान खाली घातली... पार छातीला टेकेपर्यंत.

महादूबाबानं डोळे पुसले. "बरं झालं वं," म्हणाला, आणि खापरं गोळा करून निघून गेला.

मुखवटा काढला तर गोविंदराव पांढरेफटक.

"मान वर का केलीत?"

"वर नाही... खाली घातली."

"मास्तर, ती हसली. मी पाहिलं."

त्या उकाड्यात अंगावर काटा आला. नंतर आरशापुढे कितीदा तरी मान खाली घालून पाहिली... दर वेळी ती रडलीच.

काल महादूबाबाच्या चौकीवर जाऊन माफी मागितली. सगळं सांगून टाकलं. त्यानं मला घोंगडीवर बसवलं.

"मले मालूम हाय मास्तर, तुम्हीच व्हते. पाय दिसत व्हते ना तुमचे." मग हळूच म्हणाला, "पण हासली ते तुम्ही नव्हते."



शनिवारी खेळ आहे. काम दुसऱ्याला देऊ का, असं गोविंदरावांनी विचारलं. नको म्हटलं. चौकीवरून निघताना महादूबाबाला तिचं नाव विचारून घेतलंय... मुखवटा लावण्याआधी आता ते एकदा मनातल्या मनात घेणार. कुणाचा चेहरा घालून आपण उभे राहतो, ते माहीत असलेलं बरं.