गुंडूअण्णांची टाळी

"आधी टाळी, मग बोलणं," गुंडूराव नेहमी म्हणायचे. राजाजीनगरात चाळीस वर्षं त्यांनी पडदे शिवले. कुठल्याही खोलीत शिरताना ते दारातच एक टाळी वाजवायचे आणि मान कलती करून ऐकायचे. टाळी भिंतींवरून परत आली की म्हणायचे, "खोली उघडी आहे. हिला कपडे हवेत."

इंदिरानगरातल्या विनोदकुमारनं गाणी ऐकायला खास खोली बांधली आणि तिच्यात गाण्यापेक्षा कलकलाटच जास्त झाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, हेमावतीनं, गुंडूरावांना बोलावलं. त्यांनी जाड पडदे शिवले, चौकटींत कापूस भरून भिंती झाकल्या. तरी मागच्या कोपऱ्यातून टाळी परत यायचीच.

दुसऱ्या दिवशी ते त्या कोपऱ्यासाठी गोधडी घेऊन आले. त्यांच्या गेलेल्या बायकोनं, तुंगाबाईंनी, लुगड्यांचे नऊ थर घालून शिवलेली.

"अण्णा, ही कशी देता?" हेमावती कळवळली.

"तिनं गायलेल्या पाळण्याच्या गाण्याची क्यासेट आहे. घरी पत्र्याखाली लावली की नुसती घुमते, शब्दच कळत नाहीत. इथं एकदा ऐकवा, गोधडी तुमची."

"पहिलं गाणं तुंगाअक्कांचंच, अण्णा!" विनोदकुमारनं शब्द दिला.

खोली दाखवायला पाहुणे आले, त्या दुपारी गुंडूरावही धुतलेला शर्ट घालून, क्यासेट रुमालात बांधून आले. गाणी कधीच सुरू झाली होती.

"सगळं इंजिनियरनं मोजून केलंय," विनोदकुमार सांगत होता. दारात नजर जाताच म्हणाला, "हा आमचा टेलर. पडदे यानं शिवले."

गुंडूरावांनी रुमाल पुढं केला.

"क्यासेटचं मशीन आता कुठंय? स्वल्प थांबा, बघू नंतर."

मशीन शेजारच्या कपाटात होतं. हेमावतीला ते ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून तिनं नुसतं कपाटाकडं बघितलं.

"मग गोधडी तरी द्या."

"ती गोंदानं चिकटवलीय. काढली तर फाटेल."

गुंडूराव खोलीच्या मधोमध गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातात विझली.

"नाही आली परत," ते म्हणाले. "काम चांगलं झालंय."

रुमाल खिशात घालून ते जिना उतरले. हेमावती गॅलरीत धावली. रस्त्याच्या कडेनं ते सावकाश चालले होते. तिनं दोनदा हाक मारली, "अण्णा!" वळणापर्यंत ती बघत राहिली. त्यांनी मागं पाहिलं नाही.