फौजदारीणबाईंचा पंजा

वस्तादांच्या केशकर्तनालयात एखादा माणूस अर्ध्या गालावर फेस घेऊन निवांत पेपर वाचत बसलेला दिसला, तर जुनी गिऱ्हाइकं नव्याला धीर देत, "बसा हो, घाबरू नका. फौजदारीणबाईंनी काम थांबवलंय."

फौजदारीणबाई म्हणजे चार वर्षांची तपकिरी लॅब्रेडॉर कुत्री. श्वान-प्रशिक्षण केंद्राने तिला एक नाजूकसं नाव दिलं होतं. पण पहिल्याच दिवशी ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघत राहिली, की शेजारच्या किल्लीवाल्याने तिचं बारसं नव्याने केलं. तिचं काम एकच. वस्तादांच्या रक्तातली साखर उतरायला लागली की ते तिला वासावरून कळायचं, आणि ती येऊन त्यांच्या गुडघ्यावर उजवा पंजा ठेवायची. पंजा आला की वस्तरा खाली.

वस्तादांना मधुमेह होऊन पंचवीस वर्षं झाली होती. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधी कधी एकदम खाली येते. सुरुवातीला घाम फुटायचा, हात थरथरायचा, आणि माणूस सावध व्हायचा. पण इतक्या वर्षांत शरीर या खुणा द्यायचंच विसरलं होतं. दीड वर्षापूर्वी किल्लीवाल्याची दाढी करताना वस्ताद एकाच गालावर तीनदा वस्तरा फिरवून गेले, चौथ्यांदा कानाच्या पाळीवर पोचले. जखम छोटीच होती. तुरटी लावून भागलं. किल्लीवाला तिचा व्रण अजून सगळ्यांना हौसेने दाखवतो. "एवढ्यावर निभावलं. वस्तरा आणखी बोटभर खाली असता तर माझं कुलूप कायमचं बंद झालं असतं!"

वस्तादांना मात्र त्यात गंमत वाटली नव्हती. बायकोला तर नाहीच नाही. त्याच संध्याकाळी तिने निकाल दिला होता. "तुमच्यावर नजर ठेवणारं कोणी असेल तरच वस्तऱ्याला हात लावायचा. नाहीतर दुकानात बसा, टॉवेलच्या घड्या घाला." केंद्रात अर्ज गेला, कुत्री आली, आणि वस्तऱ्याचा संसार पुन्हा मार्गी लागला.

वस्तऱ्यावाचून वस्ताद म्हणजे कोण? दुसऱ्या खुर्चीवर धाकटा भाऊ होता. यंत्राने केस कापण्यात तो पटाईत, पण वस्तरा धरला की गिऱ्हाईकच डोळे मिटायचं. हनुवटीखालचा उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने वस्तरा फिरवणं, लोक वस्तादांकडूनच करून घ्यायचे.

केंद्राची एक शिस्त होती. पंजा आला, की बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघायची, वहीत आकडा लिहायचा आणि महिनाअखेर वहीचे फोटो पाठवायचे. वस्तादांची वही सुवाच्य होती. पण त्या महिन्यात ती बघून त्यांनी आकडे पुन्हा एकदा मोजले. पंजा आला चोवीस वेळा, आणि त्यातल्या तेरा वेळा साखर एकशे दहा, एकशे अठरा, एकशे पंचवीस. म्हणजे ठणठणीत.

"दादा, एवढं काय?" धाकटा म्हणाला. "तेराच्या जागी तीन कर. कोण बघायला येतंय?"

"आणि खरा पंजा कुठला, खोटा कुठला, ते मला कोण सांगणार? तू?"

"मी नाही बाबा."

"मग गप केस झाड."

खरे आकडे गेले. तिसऱ्या दिवशी केंद्रातून प्रशिक्षिकेचा फोन आला. येऊन बघते म्हणाली. सुधारणा दिसली नाही तर कुत्री तीन महिने परत न्यावी लागेल, आणि नंतर ती तुम्हालाच मिळेल असंही नाही. वस्ताद "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून कोरडाच ब्रश साबणाच्या वाटीत घोळवत बसले.

प्रशिक्षिका आली ती सकाळी दुकान उघडतानाच. अंगाने काटकुळी, वयाने वस्तादांच्या मुलीएवढी. बाकावर पेपर घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी नाहीच असं समजा." फौजदारीणबाईंनी तिला ओळखलं, शेपटीने दोन वेळा जमीन झाडली आणि पुन्हा खुर्चीखाली आडव्या झाल्या.

अकराच्या सुमारास भूगोलाचे सर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, घरी एकटेच, त्यामुळे दिवसाआड दाढी आणि रोज गप्पा. ते खुर्चीत बसले, फेस लागला, डावा गाल झाला. एवढ्यात कुत्री उठली, तिने सरांच्या खिशाकडे एकदा बघितलं आणि वस्तादांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

"शाब्बास!" सर म्हणाले.

वस्तादांनी वस्तरा ठेवला. उजवा हात फेसाने भरलेला होता, म्हणून डाव्या हाताने कमरेच्या पिशवीतून खाऊचा तुकडा काढून तिला दिला. सरांनीही खिशातून बिस्किटाचा अर्धा तुकडा हळूच खाली सोडला. मग वस्तादांनी हात धुतले, पुसले, बोट टोचलं. एकशे अठरा.

प्रशिक्षिकेने पेपरची घडी घातली. "काका, कुत्री हुशार आहे. चुकताय तुम्ही."

"मी?"

"खाऊ कधी दिलात? यंत्र बघायच्या आधी. तिच्या डोक्यात काय बसलं? पंजा टाका, बक्षीस घ्या. वास येवो न येवो."

"अहो, हात ओले असतात माझे! आणि तिने आपलं काम केलं, मी हात धूत बसायचं आणि तिने तोंडाकडे बघत राहायचं, हे बरं दिसतं का?"

"बरं दिसत नाही. पण बरोबर तेच आहे. आणि हे आजोबा..."

"सर," सरांनी दुरुस्ती केली.

"...हे सर लाच देतात."

बाकावर हशा पिकला. सर लाल झाले. उजव्या गालावर फेस असल्यामुळे अर्धेच दिसले.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर उघडून प्रशिक्षिकेने शाळा भरवली. नेहमीची सात गिऱ्हाइकं, किल्लीवाला आणि धाकटा भाऊ, सगळे दोन बाकांवर. नियम असे, की कुत्रीशी बोलायचं नाही, तिला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, आणि ती पंजा ठेवायला उठली तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग तिने कुत्रीला बाकांमधून फिरवलं. सगळे छताकडे बघू लागले. सरांनी मात्र दुसऱ्याच फेरीला "ये गं" म्हटलं.

"सर, नापास."

"चाळीस वर्षं मी पोरांना नापास केलं," सर पुटपुटले, "आणि माझ्यावर ही पाळी?"

"बाहेर अंगठे धरून उभे राहा, म्हणजे आठवण राहील," किल्लीवाला म्हणाला. तिसऱ्या फेरीला सर डोळे घट्ट मिटून बसले आणि पास झाले.

वस्तादांचा धडा सगळ्यात अवघड होता. पंजा आला की वस्तरा खाली, हात धुवायचे, यंत्र बघायचं. साखर सत्तरच्या खाली असली तर आधी स्वतः ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग कुत्रीला खाऊ. साखर ठीक असली तर खाऊ नाही, कौतुक नाही, रागही नाही. मुकाट्याने कामाला लागायचं. "एक महिना बघते," प्रशिक्षिका म्हणाली. "नाही जमलं तर मी तिला घेऊन जाणार."

पहिल्या तीन दिवसांत पाच खोटे पंजे आले. पाचही वेळा फौजदारीणबाई रिकाम्या पिशवीकडे बघावं तशा वस्तादांकडे बघत राहिल्या. शेवटी त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. घरी वस्तादांना जेवण जाईना.

"अहो, मी माहेरी जाऊन राहिले होते तेव्हासुद्धा एवढं तोंड उतरलं नव्हतं तुमचं," बायको म्हणाली.

"तू निदान बोलून दाखवायचीस."

मग खरी पंचाईत झाली. पंजे थांबलेच. चार दिवस एकही नाही. वस्ताद दर दोन तासांनी बोट टोचून बघत. साखर सरळ होती. पण तिला वास येत नव्हता म्हणून ती गप्प होती, की रुसून काम सोडलं होतं? हे कळायला साखर उतरायलाच हवी होती, आणि साखर उतरली तेव्हा हातात वस्तरा असला म्हणजे? वस्तादांनी स्वतःच वस्तरा कपाटात ठेवला आणि चारही दिवस फक्त केस कापले. गिऱ्हाइकं दाढीसाठी धाकट्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसली. सर मात्र ऐकेनात.

पाचव्या दिवशी ते आले आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. "मी तुमच्या भावाकडून करणार नाही. चार दिवसांची दाढी आहे. वस्तरा काढा."

"सर, कुत्रीचा भरवसा वाटत नाहीये अजून."

"मग यंत्र बघा आणि काढा."

वस्तादांनी यंत्र बघितलं. ब्याण्णव. वस्तरा पट्ट्यावर घासला, फेस लावला, दोन्ही गाल झाले. सरांनी मान मागे टाकली. वस्ताद हनुवटीखाली वाकणार, तेवढ्यात गुडघ्यावर पंजा आला.

त्यांनी खाली बघितलं नाही. वस्तरा ठेवला. मागच्या नळावर जाऊन साबणाने हात धुतले, टॉवेलने एकेक बोट पुसलं. दुकानात कात्रीचा आवाजसुद्धा थांबला. बोट टोचलं, थेंब पट्टीवर गेला, यंत्राने पाच आकडे उलटे मोजले.

सहासष्ट.

"किती?" धाकट्याने विचारलं.

"सहासष्ट."

घाम नव्हता, थरथर नव्हती, काहीच नव्हतं. फक्त पंजा होता. वस्तादांनी ग्लुकोजचं पाणी पेला संपेपर्यंत प्यायलं. मग पिशवी उघडली आणि एक नाही, तीन तुकडे दिले, आणि दुकान दणाणेल असं "शाब्बास गं माझी बाय!" म्हणाले. कौतुकाचा हक्क त्यांचा एकट्याचा होता. बाकी सगळे, सरांसकट, छताकडे बघत ओठ दाबून हसत होते.

पंधरा मिनिटांनी पुन्हा यंत्र बघितलं. शंभर. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि प्रशिक्षिकेला फोन लावला.

"पंजा आला?" तिने विचारलं.

"आला. सहासष्टला."

"मग आधी काय केलंत?"

"हात धुतले."

तिकडे ती हसली. "महिना पुरा करू या, काका. पण महिनाअखेरीला कुत्री न्यायची गाडी मी आज सांगून ठेवणार होते, ती आता सांगत नाही."

वस्तादांनी फोन खिशात टाकला, पुन्हा हात धुतले आणि सरांच्या हनुवटीखाली ताजा फेस चढवला. फौजदारीणबाई खुर्चीखाली पसरल्या होत्या.

"मान वर करा, सर," ते म्हणाले, आणि उलटा हात सुरू झाला.