दीड कव

"मेल्या, थांबव! थांबव म्हणतो ना!" असं ओरडत तो डॅशबोर्डवर थापा मारायचा, गाडी पुरती थांबायच्या आत उतरायचा आणि रस्त्याकडेच्या एखाद्या थोराड झाडाला मिठी मारायचा. गाल खोडाला टेकलेला, डोळे मिटलेले. मग वळून परीक्षेचा निकाल सांगावा तसा म्हणायचा, "दीड कव!" दोन हातांच्या मिठीत मावलं तर एक कव, असं त्याचं माप.

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपण म्हणतो, काय झाडांचं वेड आहे बुवा! मीही तेच म्हणत आलो. देवरूखच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर होतो आणि गावात माझ्या घरामागचा डोंगर त्याचा होता. ऐन, किंजळ, बेहडा, सगळी दाट झाडी. तिथल्या झऱ्याचं पाणी पाइपाने माझ्या परसात यायचं, भर मे महिन्यातसुद्धा. म्हणून दरवर्षी माझ्या झाडाचा पहिला फणस मी त्याच्याकडे नेऊन द्यायचो.

भूतानची टूम त्याचीच. "रिटायर झालो, आता तरी जग बघूया. चार दिवस गाडीनं फिरू."

मी म्हटलं, भात झोडून होऊ दे, मग जाऊ.

"नाय! ह्याच आठवड्यात. पुढे थंडी बाधेल तुला."

वर माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकट्या इथे काय करणार? मांडवीला लेकीकडे जा, समुद्राची हवा खा." स्वतः जाऊन तिला एसटीत बसवून आला. किती जपतात हो भावोजी, असं ती मला फोनवर म्हणाली.

देश छोटा, पण काय देखणा! डोंगर, खाली हिरवट निळी नदी आणि वळणांवर वळणं. तिथे हॉर्नसुद्धा कुणी वाजवत नाही. आमचा हा मात्र डॅशबोर्ड बडवणार. "भैया, वो बडा झाड के बाजू में थांबना!" त्याचं हे हिंदी ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी पाठ झालं. झाड दिसलं की तो बिचारा आपणच गाडी बाजूला घ्यायचा. जेवायला चीजमध्ये शिजवलेली मिरच्यांची भाजी आली. घाम पुसत हा म्हणाला, "ही जेवायला दिलीय की शिक्षा म्हणून?" मी इतका हसलो की मला ठसका लागला.

एका खिंडीत, रंगीत पताकांच्या मागे, एक झाड त्याच्या कवेत येईना. "ये, तू पलीकडून धर," म्हणाला. मी मागच्या बाजूने हात घातले आणि त्याची मनगटं धरली. ड्रायव्हरने ह्याच्या मोबाइलवर फोटो काढला. तेवढ्यात तो पोरगा कौतुकाने म्हणाला, "साब, यहाँ अपना पेड़ काटना हो तो भी पूछना पड़ता है."

"हमारे यहाँ भी पूछते हैं," हा म्हणाला आणि वाजणारा मोबाइल घेऊन लांब गेला. त्याला सारखे फोन येत होते. पुण्याचा मुलगा आहे, म्हणायचा.

परतताना स्टेशनवरून रिक्षा केली. गावच्या वळणावर त्याने पहिल्यांदाच सांगितलं, "थांबू नको, सरळ घे." पण मला दिसायचं ते दिसलंच. माझ्या घरामागे एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. डोंगर बोडका झाला होता. खाली ओंडके रचलेले, ट्रक भरत होता. ठेकेदाराचा माणूस पुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, काम झालं बरं का. तुम्ही सगळी झाडं कवेत धरून मापं दिलीत, आम्हाला टेप लावावी लागली नाही."

मी ह्याच्याकडे वळलो. "म्हणून नेलंस मला?"

त्याचा चेहरासुद्धा उतरला नाही. "इथे असतास तर आडवा पडला असतास. मग मारामारी, पोलीस. ह्या वयात? वाचवलं मी तुला." रिक्षातून बॅग काढता काढता आणखी म्हणाला, "आणि खरं सांग, मजा आली की नाय?"

आली होती हो! तीच तर अजून जाळते. फसवायचंच होतं तर रुक्षपणे फसवायचं, हसवायचं कशाला?

होळीलाच झरा आटला. त्याच्याशी बोलणं मी त्याआधीच टाकलं होतं. फणस लागले, पण पहिला फणस कुणाकडे गेला नाही. वैशाखात एका सकाळी तो चहा पिता पिता गेला. मी जाऊन आलो, माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

आता आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो, तो एसटीच्या थांब्यावर. हंडे घेऊन आम्ही नवरा-बायको तिथे उभे असतो. त्याच्या पुण्याच्या मुलाने तिथेच त्याचा मोठा बॅनर लावलाय, दोन बांबू पुरून; बांधायला झाड कुठलं? वर लिहिलंय, "वृक्षप्रेमी गुरुजींना भावपूर्ण श्रद्धांजली". फोटो त्या खिंडीतला. डोळे मिटून तो झाडाला बिलगलाय, आणि खोडामागून आलेल्या दोन हातांनी त्याची मनगटं घट्ट धरली आहेत.

"हे हात कुणाचे हो?" रांगेत कुणीतरी परवा विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हंडा पुढे सरकवला.